स्कोअर कळला, मॅच कळली का?

बॉस, आधी कबुली. १९ जानेवारी २०२१च्या मंगळवारी अस्मादिकांनी ऑफिसचं काडीचंही काम केलेलं नाही. वर्क फ्रॉम होमचे दिवस. टीव्ही हॉलमध्ये आणि मी बेडरूममध्ये कॉलवर, माइक म्यूट. लॅपटॉपवर चार टॅब उघडे. क्रिकबझ, क्रिकइन्फो, गार्डियन आणि चौथा ऑफिसचा मेल, कुणी डोकावलंच तर!

ब्रिस्बेनच्या गॅबावर टार्गेट ३२८. तिथे ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर एकही टेस्ट हरलेली नव्हती. महिन्यापूर्वी अ‍ॅडलेडला आपण ३६ रन्समध्ये गुंडाळले गेलेलो. अशा दिवशी एकच मॅच तीन ठिकाणी वाचण्यात जी मजा आहे, ती काही औरच.

क्रिकबझ म्हणजे आपला वडापाववाला. पटकन, गरम, नेटवर्क रडत असलं तरी हजर. बॉल कुठे पडला, कुठे गेला, किती रन्स, विषय संपला. लोकलमध्ये लटकताना ह्यापेक्षा जास्त काय हवं? गार्डियनचं ओव्हर-बाय-ओव्हर म्हणजे कट्टा. वाचक मेल पाठवतात, लिहिणारा उत्तरं देतो, मधेच क्रिकेट सोडून भलत्याच विषयावर गप्पा. सॉलिड टाइमपास! पण विकेट पडली की तोच माणूस दोन ओळींत घशात आवंढा आणतो. क्रिकइन्फो ह्या दोघांच्या मधलं. १९९३मध्ये सुरू झालेली ही साइट सुरुवातीला हौशी मंडळींनी स्कोअर टाइप करकरून चालवली. ते वेड तिथल्या लिखाणात अजून अधूनमधून दिसतं.

माझी टेस्ट सोप्पी आहे. पुजारा! त्या दिवशी त्याने २११ बॉल्समध्ये ५६ केल्या. स्ट्राइक रेट २६ आणि काहीतरी. नुसता स्कोअरकार्ड पाहणारा म्हणणार, काय हा रडीचा खेळ. खांद्यावर, बरगड्यांवर, बोटांवर, हेल्मेटवर मिळून त्याने दहाच्या वर फटके खाल्ले, हे चांगला रिपोर्ट सांगतो. आणि ग्रेट रिपोर्ट सांगतो की, उसळणाऱ्या बॉलला बॅट लावून कॅच देण्यापेक्षा अंगावर घेणं हा त्याचा हिशेब होता. त्याने एक बाजू धरून ठेवली म्हणून गिलला ९१ करता आल्या आणि पंतला नाबाद ८९. मॅच मी बॉल-बॉल फॉलो केली होती, तरी हे मला दुसऱ्या दिवशी वाचून कळलं. ह्याला म्हणतात स्पोर्ट्स रायटिंग.

आपल्या मराठी पानांवर मात्र पुष्कळदा तीच ठरलेली क्रियापदं. कांगारूंना लोळवलं, धूळ चारली, पाणी पाजलं. अरे, पण कसं? असं नेहमीच होतं असं नाही. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला रोजचं हक्काचं पान मिळवून दिलं, तेव्हा कबड्डी-खोखोही तितक्याच गंभीरपणे छापून यायचं. संझगिरींचा लेख तर क्रिकेटचा गंध नसलेली माझी मावशीसुद्धा वाचायची.

लोच्या असा आहे की असं लिहायला वेळ लागतो, आणि वेळेला पैसा. २०२३मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने स्वतःचा स्पोर्ट्स डेस्कच बंद केला आणि ते काम आधी विकत घेतलेल्या ‘द अ‍ॅथलेटिक’कडे दिलं. त्याच वर्षी स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडच्या साइटवर जगात नसलेल्या लेखकांच्या नावाने, कॉम्प्युटरने बनवलेल्या फोटोंसकट मजकूर सापडला. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड, बॉस! जिथे छापून यावं म्हणून लेखक जीव टाकायचे. आपण मात्र महिन्याला कॉफीवर उडवतो त्याच्या निम्मेही वाचनावर उडवत नाही, आणि क्लिक करतो ते ‘या क्रिकेटरची बायको पाहिलीत का’ वर. मीही केलंय, खोटं कशाला बोलू?

मागच्या आठवड्यात शेजारच्या डेस्कवरच्या मित्राला पुजारावरचा एक जुना लेख पाठवला. पाच मिनिटांत रिप्लाय : ‘लांब आहे रे. व्हिडिओ नाही का?’

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये भेटला. चहा घेता घेता एकदम म्हणाला, ‘बोटावर लागल्यावर तो खाली पडला होता ना?’