काच झाकण्यासाठी नसते

लक्ष्मी रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत माझ्या मित्राचे साड्यांचे दुकान आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी फिरून येताना तिथे डोकावण्याची मला सवय आहे. काचेतून तो रिकामा बसलेला दिसला की आत जायचे, गिऱ्हाईक असले की पुढे चालू लागायचे. गेल्या दिवाळीआधी त्याने मोठ्या हौसेने त्या काचेवर चित्र लावून घेतले. वरपासून खालपर्यंत दागिन्यांनी मढलेली नवरी आणि पायाशी सवलतीचे आकडे. ‘‘कसं काय वाटतंय?’’ त्याने विचारले. मी म्हटले, ‘‘नवरी छान आहे रे, पण तू दिसेनासा झालास!’’

तो हसला, पण त्याचीही बाजू होती. शेजाऱ्याने लावले, समोरच्याने लावले, मग आपणच मागे का राहायचे? शिवाय दुपारचे ऊन थेट साड्यांवर येते, रंग विटतात. हे सारे मान्य. उन्हासाठी पडदा आहे, छत आहे. परंतु काच ही भिंत नव्हे, एवढे तरी आपण लक्षात ठेवायला नको का?

ज्या विनाईलवर हे चित्र छापतात त्याला बारीक बारीक छिद्रे असतात. ‘वन-वे व्हिजन’ म्हणतात त्याला. दिवसा बाहेरून चित्र दिसते आणि आतल्याला रस्ता दिसतो. रात्री आत दिवे लागले की चित्र फिकट होते. म्हणजे दिवाळीच्या ऐन संध्याकाळी, खरेदीच्या वेळी, पैसे मोजून लावलेली नवरी निम्मी पुसली जाते! पुढे उन्हाने लाल-पिवळा रंग आधी उडतो आणि बिचारी निळी पडते.

मी हे साळसूदपणे सांगतो आहे खरा, पण हा गुन्हा माझ्याही हातून घडला आहे. १९९६ साली एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. ठेवींचे उद्दिष्ट गाठायचे म्हणून दर्शनी काचेवर योजनांची पोस्टरे मी स्वतः उभा राहून चिकटवून घेतली. तीन-चार दिवसांनी एक भाजीवाल्या मावशी पायरीवर घुटमळताना दिसल्या. विचारले तर म्हणाल्या, ‘‘साहेब, काल बी आले हुते. आत कोन हाय ते दिसंना, मंग गेले माघारी.’’ ज्यांच्या ठेवी मिळाव्यात म्हणून पोस्टरे लावली, त्यांनाच त्या पोस्टरांनी दारातून परत पाठवले होते. त्याच संध्याकाळी मी निम्मी पोस्टरे काढली.

काचेतून आत दिसणे हा गिऱ्हाइकाचा धीर असतो. आत आपल्यासारखी माणसे आहेत, भाव विचारला तर कोणी अंगावर येणार नाही, हे त्याला उंबऱ्याबाहेरच कळते. रस्त्यालाही काचेची गरज असते. जेन जेकब्ज यांनी अमेरिकी शहरांवरच्या आपल्या १९६१ सालच्या पुस्तकात ‘रस्त्यावरचे डोळे’ ही कल्पना मांडली. दुकानदारांची, रहिवाशांची नजर असते म्हणून रस्ता सुरक्षित राहतो. विनाईलमागून दुकानदाराला रस्ता दिसतो हे खरे. पण भर दुपारी क्लासवरून एकट्या परतणाऱ्या मुलीला तो दिसत नाही. नजर एकतर्फी झाली की तिची सोबत वाटत नाही.

मग काचेवर काहीच लिहू नये का? जरूर लिहावे, पण थोडे. नाव, धंदा, वेळ, डोळ्यांच्या उंचीला. दिवसा काचेमागे अंधार असतो, म्हणून पांढरे अक्षर उठून दिसते आणि काळे बुडते. जुन्या पेंटरांना हे ठाऊक असे. काचेच्या आतल्या बाजूने अक्षरे उलटी रंगवून ती बाहेरून सुलटी दिसतील, असे कसब त्यांच्या हातात होते. आज रेडियमवाला यंत्रावर अक्षरे कापतो. त्यात काही वाईट नाही. मात्र अक्षरे आधी एकजीव केली नाहीत, तर शिरोरेघ जागोजागी चिरते. एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडताना वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. काच चिकटवून झाल्यावर ते कोणाच्या तरी लक्षात येते, आणि मग ‘चालतंय’ म्हणून तसेच राहते.

दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असे महाराष्ट्राने २०२२ साली कायद्यात घातले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. चांगलेच झाले. पण कायदा अक्षराची उंची मोजतो. त्याचा बांधा पाहायचा तो आपणच. ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे सुबक देवनागरी टंक आज फुकट मिळतात. मजकूर कापायला देण्याआधी तो कागदावर छापून शाळेत जाणाऱ्या नातवाकडून मोठ्याने वाचून घ्यावा, एवढे जरी केले तरी पुष्कळ.

मित्राला मी एकच सांगितले. पुढच्या वेळी रेडियमवाल्याला बोलावण्याआधी रस्ता ओलांड, पाच मिनिटे समोरच्या फुटपाथवर उभा राहा आणि आपलेच दुकान गिऱ्हाईक होऊन बघ. तो अजून गेलेला नाही. नवरी मात्र निळी पडू लागली आहे.