खण, माळवद आणि मातीचा वास

‘ज्या गावी वाढलात तिथे परत जा, तिथेच तुमची प्रेरणा आहे,’ हा उपदेश आता डिझाइनच्या वर्गांत आणि लेखनशिबिरांत सारख्याच उत्साहाने केला जातो. त्याची फळे आपण रोज पाहतो. महामार्गावरील हॉटेलाला वाड्याचा दरवाजा आणि बैलगाडीचे चाक लाभते, ग्रामीण कथासंग्रहाच्या मुखपृष्ठावर चूल पेटते, आणि आतल्या प्रस्तावनेत कोणी प्राध्यापक या लेखनाला ‘मातीचा वास’ असल्याचे प्रमाणपत्र देतात. कोणती माती, हे ते सांगत नाहीत. आमचा आक्षेप नेमका येथून सुरू होतो.

रेणापूरचेच उदाहरण घेऊ. लातूरच्या उत्तरेला, रेणा नदीच्या काठचे, रेणुकादेवीचे हे गाव. या परिसरात माती दोन प्रकारची, आणि त्यांना दोन वेगळे अर्थ आहेत. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. काळी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती घराच्या कामाची नाही. भिंत लिंपायला आणि माळवद घालायला पांढरीच लागते. वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पावसाच्या या प्रदेशात मातीचे सपाट छत टिकते. कोकणात ते एका आषाढात वाहून जाईल. माळवदावर धान्य वाळे, उन्हाळ्यात माणसे निजत, आणि त्यातल्या झरोक्यातून उजेड आत येई व चुलीचा धूर बाहेर जाई. ‘मातीचा वास’ लिहिणाऱ्यास यातले काही ठाऊक असते काय?

त्याहून महत्त्वाचा शब्द ‘खण’. खांबांच्या दोन ओळींमधले अंतर म्हणजे खण. घर केवढे, या प्रश्नाचे उत्तर फुटांत नव्हे तर खणांत मिळे. लाकूड महाग आणि दुर्मीळ, त्यामुळे तुळईच्या लांबीने खण ठरला, खणाने खोली ठरली आणि खोलीने घरातले वावरणे ठरले. वृत्तशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या मित्रांना हे वेगळे सांगायला नको. गण जसा कवीच्या मर्जीने लांबत नाही, तसा खणही लांबत नसे. जागेकडून घ्यायचे असेल तर ते हे बंधन. बंधन सोडून खांबावरची कोरीव नक्षी तेवढी उचलणे म्हणजे कवितेतून वृत्त काढून टाकून ‘सख्या’ आणि ‘साजणी’ तेवढे ठेवणे.

एवढ्यावर थांबलो तर आम्हीही स्मरणरंजनाच्या त्याच दुकानात उभे राहू. कारण या घरांनी माणसे मारली आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर गावे झोपेत असताना, लातूरच्या दक्षिणेला किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. दोन-अडीच फूट जाडीच्या, चिखलात रचलेल्या दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर सांधणारे लांब दगड बहुधा नव्हतेच. गळती थांबावी म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती पडत गेली, पिढ्यान्‌पिढ्या ओझे वाढत गेले, आणि वाढलेले हे ओझे कोणी मोजले नाही.

पण पडझड नीट वाचणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. जिथे छताचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांवर होता, तिथे अनेक ठिकाणी भिंत ढासळूनही खणाचा सांगाडा उभा राहिला. पुढे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरके आधार द्या, भिंतीत आरपार दगड बसवा, माळवदावरची जादा माती उतरवा, असे उपाय सांगितले गेले. आमच्या मते जागेतून प्रेरणा घेणे म्हणतात ते याला. त्यात जागेचे शहाणपण आहे आणि जागेचा दोषही आहे. वाड्याचे छायाचित्र भिंतीवर लावणाऱ्यांना यातले दुसरे नको असते, आणि दुसऱ्यावाचून पहिले हाती लागत नाही.

पुनर्वसित गावांत उलटे घडले. तिथे जमिनीच्या मालकीनुसार 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरे ठरली. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना सर्वांत लहान. सरळ रेषांत आखलेले रुंद रस्ते आले आणि भावकीच्या गल्ल्या गेल्या. गुबाळमध्ये तर घुमटाच्या आकाराची घरे उभी राहिली. गोल भिंतीला फळी कशी लावावी, हा प्रश्न तिथे राहायला जाणाऱ्या बाईने विचारला असता. आरेखकाने तो विचारला नसावा. (मात्र पहाटेच्या त्या आठवणीनंतर दगडाखाली झोपायची भीती वाटणाऱ्यांना ‘परंपरा सोडली’ म्हणून बोल लावणाऱ्यांची आम्हांस चीड येते.)

आणि वाडा तरी कोणाचा? लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ याच लातूरच्या मातीतले. 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्यातल्या धनेगावला ढाळज नाही, चौक नाही, कोरीव खांब नाहीत. पोलिसांच्या धाडी आणि भूक आहे. ‘राहिलेल्या जागेतून प्रेरणा’ या सूत्रात हे धनेगाव कुठे बसवणार? आजवर त्याच्यावरून कोणी उपाहारगृह सजवलेले नाही. आमचे समीक्षकही, मराठवाड्याचे साहित्य म्हटले की, रान, पीक आणि बोली यांची यादी करतात; जागेने माणसाला काय नाकारले, याची करीत नाहीत. प्रादेशिकतेवरच्या प्रश्नपत्रिकेत ‘बोलीभाषेतील शब्दांची उदाहरणे द्या’ हा प्रश्न हमखास असतो. असो.

आजचे रेणापूरही जागाच आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे या जिल्ह्यात वाढलेल्या मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेर ठाऊक आहे. दारापुढची पिंपे, गच्चीवरच्या टाक्या, घागरी ठेवायला केलेली सोय, पाणी येण्याच्या दिवसाप्रमाणे बदलणारी घरातली कामे, यांत तुळईच्या लांबीइतकेच कठोर बंधन आहे. डिझाइन शिकायला पुण्या-मुंबईला गेलेल्या या मुलांच्या वह्यांत मात्र पैठणीचा मोर आणि अजिंठ्याचे कमळ सापडते, कारण आम्ही मास्तरांनी त्यांना तेवढेच ‘आपले’ म्हणून दाखवले. पिंप काढले तर गुण कोणत्या रकान्यात द्यायचे, ते आमच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात लिहिलेले नाही.