कावीळ पाणीपुरीच्या गाडीवरून आली म्हणे!

आमच्या भागात काविळीचे पेशंट वाढले. लगेच काय झालं? पाणीपुरीची एक गाडी उचलली, ऊसाच्या रसाची दोन गुऱ्हाळं बंद केली आणि "पाण्याचे नमुने पिण्यायोग्य आले आहेत, नागरिकांनी पाणी उकळून प्यावे" अशी नोटीस लावली. पिण्यायोग्य आहे तर उकळायचं कशाला, एवढं कुणीतरी सांगा राव.

मंडळी, हा नमुना नेमका कशाचा असतो? कोलिफॉर्म जिवाणूंचा. काविळीचा हिपॅटायटिस ई हा जिवाणू नाही, विषाणू आहे. तो आतड्यावाटे बाहेर पडतो, संडासातून गटारात जातो आणि क्लोरीनला जिवाणूंपेक्षा चिवट असतो, गढूळ पाण्यात तर जास्तच. शिवाय शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात. म्हणजे आज घेतलेली बाटली दीड महिन्यापूर्वीच्या पाण्याबद्दल काय सांगणार?

हे आजचं शहाणपण नाही. 1955 साली यमुनेला पूर आला आणि नजफगडच्या नाल्याचं घाण पाणी वजीराबादला, दिल्लीचं पाणी जिथून उचलतात तिथे घुसलं. अधिकाऱ्यांनी तुरटी-क्लोरीन वाढवलं. टायफॉइड वाढला नाही, सगळे खूश. पुढच्या काही आठवड्यांत 29 हजारांवर लोकांना कावीळ! आपल्याकडे 2012 मध्ये इचलकरंजीने तेच भोगलं, हजारो रुग्ण. त्यातून आपण शिकलो काय, तर गाडी उचलायला.

आता आपल्या गल्लीत या. नळाची लाईन गटारातून गेलीय, हे शेंबडं पोरगंही दाखवेल. पाणी येतं एक तास. उरलेले तेवीस तास पाइप रिकामा, आणि जिथे सांधा सुटलाय तिथून गटाराचं पाणी आत झिरपतं. पाणी सुटलं की पहिली बादली काळी येते ती यामुळेच. त्यात आपण नळाला थेट मोटार लावतो, म्हणजे उरलंसुरलं आपणच ओढून घेतो. (हो, मीही लावत होतो. काढली.) रस्ता दोनदा काँक्रीटचा झाला, खालची लाईन मात्र जुनीच.

बहुतेकांची कावीळ महिनाभरात उतरते, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला हाच आजार झाला तर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. ज्या घरात आठवा महिना चालू आहे, त्यांना ती नोटीस वाचून दाखवा.

आणि "विषाणू शोधणं आपल्याला शक्य नाही" हे तर सांगूच नका. मुंबईच्या गटारांतल्या पाण्यात पोलिओचा विषाणू 2001 पासून शोधतायत. गटार बोलतं, पेशंट दवाखान्यात यायच्या आधी बोलतं. विषाणूंवर काम करणारी राष्ट्रीय संस्था पुण्यात आहे, चंद्रावर नाही.

मागणी साधी आहे. नळ आणि गटार कुठे-कुठे एकमेकांना ओलांडतात त्याचा नकाशा जाहीर करा, ते तुकडे आधी बदला. लाईनच्या शेवटच्या घरात उरलेला क्लोरीन रोज मोजा आणि आकडा फलकावर लिहा. नाल्याच्या पाण्याचे नमुने पुण्याला पाठवा.

तुमच्या दारातली लाईन गटारातून जात असेल तर फोटो आणि गल्लीचं नाव खाली टाका. सोमवारी निवेदनाला जोडून देतोय. आणि त्या पाणीपुरीवाल्याची गाडी परत द्या, त्याच्या घरीही तेच पाणी येतं.