बेकरीत काम मागायला जाताना



आपल्या नाशिकमध्ये कॉलेज रोडला जा, गंगापूर रोडला जा, नाही तर इंदिरानगरला, केकच्या दुकानांवर 'शंभर टक्के एगलेस' अशी पाटी हमखास दिसते. त्याच काचेवर कधीकधी एक छोटा कागदही चिकटवलेला असतो: 'केक डेकोरेशनसाठी महिला पाहिजेत, पार्ट टाइम.' आपल्या समाजात या कामाला हात बसलेल्या कितीतरी सुना-मुली आहेत. कोणी सुट्टीत केकचा क्लास केलेला असतो. कोणाची मेंदी बघत राहावी अशी असते. महाराजसाहेबांच्या व्याख्यानाआधी तांदळाची गहुली काढताना कोणाची रेघ जराही हलत नाही. दुपारचे चार तासही मोकळे असतात. पण तो कागद वाचून आपण पुढे निघून जातो. का, म्हणून विचारलं की दोन उत्तरं येतात. एक, "घरचे काय म्हणतील?" आणि दुसरं, "आपल्याला चालतं का ते?"

मला यातला दुसरा प्रश्न मोठा वाटतो. माझं मत असं की अर्ज करायला जाण्याआधी आपली मर्यादा आपणच ठरवावी आणि पहिल्याच भेटीत ती मालकाला सांगावी. धर्म कामाच्या आड येतो असं आपण म्हणतो खरं. बहुतेक वेळा आड येते ती न सांगितलेली अट. मग सहा महिन्यांनी कुरबूर होते, काम सुटतं आणि 'जैन बायकांना ठेवायला नको' असा बोल सगळ्यांनाच लागतो.

पहिली गोष्ट अंड्याची. "मी कुठे खाणार आहे? मी तर फक्त वरून क्रीम लावणार," असं म्हणणाऱ्या आहेत. त्यांना मी नम्रपणे सांगेन की आपल्याकडे हिशेब करणं, करवणं आणि अनुमोदणं असा तिहेरी असतो. केक विकला जातो तो त्याच्या सजावटीवर. आत काय आहे हे गिऱ्हाईक घरी गेल्यावर बघतं, काचेतून बघतं ते आपण काढलेलं फूल. त्यामुळे अंड्याचा केक सजवणं हे नुसतं हाताचं काम आहे असं मला म्हणवत नाही. अंड्याचं आणि बिनअंड्याचं दोन्ही बनवणाऱ्या बेकरीत मी अर्ज करू नये असंच सांगेन. तिथे भांडी, बीटर, स्पॅच्युला एकच असतात आणि गर्दीच्या दिवशी 'आज एवढा एक करून दे' हे टळत नाही.

आणि एगलेस बेकरी म्हटली म्हणजे प्रश्न संपला असंही नाही. आपली खरी जागरूकता इथेच लागते.

पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून आपण निर्धास्त होतो. पण २०२० च्या लेबलिंग नियमांत मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध आणि दुधाच्या पदार्थांबरोबर मध, मधमाश्यांचं मेण आणि शेलॅक हेही वगळलेले आहेत. म्हणजे ज्यात मध आहे, शेलॅक आहे, त्याच्यावरही हिरवा ठिपका असू शकतो. मध आपल्याला वर्ज्य आहे हे लहान मुलालाही ठाऊक असतं. शेलॅक म्हणजे लाख. लाखेच्या किड्यांनी फांदीवर केलेला थर खरवडून ती काढतात आणि त्यात असंख्य जीव जातात. केकवर टाकायचे चकचकीत रंगीत दाणे, चांदीसारखे मणी, चॉकलेटच्या गोळ्या यांची चमक पुष्कळदा या लाखेची असते. सामग्रीच्या यादीत ती आयएनएस ९०४ या आकड्यामागे लपलेली असते. आता आठवा, प्रतिक्रमणात सातव्या व्रताच्या अतिचारांत आपण पंधरा कर्मादानं म्हणतो. त्यात लाखेचा व्यापार आहेच. शेकडो वर्षं आपण ते नाव घेत आलो आणि ती लाख वाढदिवसाच्या केकवरून आपल्या घरात आली.

असे आणखी तीन-चार आकडे पाठ असावेत. ४२८ म्हणजे जिलेटिन, जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेलं. काही फोंडंटमध्ये, मार्शमॅलोमध्ये आणि थंड मूस केकमध्ये ते असतं. १२० म्हणजे कारमाइन, किडे वाळवून काढलेला लाल रंग. १२२ मात्र कार्मोइसिन. नाव सारखं वाटतं, पण तो कारखान्यात तयार होणारा रंग आहे, किड्यांचा नाही. उगाच घाबरू नये म्हणून हेही सांगते. ४७१ हा केक जेलमध्ये आणि क्रीममध्ये असतो. तो तेलापासूनही होतो आणि चरबीपासूनही, त्यामुळे कंपनीला विचारावंच लागतं. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही म्हटलं होतं की नुसता आकडा छापून भागणार नाही, घटक वनस्पतीचा की प्राण्याचा हे खाणाऱ्याला कळलं पाहिजे. मिठाईवरचा वर्ख कशात ठेवून कुटतात हे कळल्यावर आपल्यापैकी किती जणींनी तो सोडला! केकच्या बाबतीतही तेवढंच करायचं आहे. आधी माहिती करून घ्यायची, मग ठरवायचं.

"एवढ्या अटी घातल्या तर कोण ठेवेल?" असं तुम्ही म्हणाल. मला उलट वाटतं. नाशिकमध्ये एगलेस बेकरीला जैन, मारवाडी, गुजराती, वैष्णव घरांचं गिऱ्हाईक मोठं आहे. 'यात जिलेटिन आहे का?' या प्रश्नाला काउंटरवरच्या मुलाला उत्तर देता येत नाही तेव्हा ऑर्डर जाते. त्या दुकानात प्रत्येक डब्यामागचं बारीक अक्षर वाचणारी एक बाई असेल तर ती मालकाच्या फायद्याचीच. आणि अंड्याविना कला अडते असंही नाही. रॉयल आयसिंग मूळचं अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं. पण पुण्याच्या प्राची धबल देब यांनी व्हीगन रॉयल आयसिंगमध्ये मिलानच्या कॅथेड्रलची सुमारे १०० किलोची प्रतिकृती घडवली आणि २०२२ साली लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये तिची नोंद झाली. ज्यात अंडं लागतंच असं सगळे म्हणत होते, त्यातच अंड्याविना एवढं काम उभं राहिलं.

आता थोडी नाजूक गोष्ट, आकारांची. हल्ली सिंहाचा केक, टेडीचा केक, कोंबडीच्या पिल्लांचा केक अशा ऑर्डरी असतात. राजा यशोधराची कथा आपण ऐकलेली आहे. आईच्या आग्रहाखातर त्याने जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला, आणि त्या संकल्पामुळेच मायलेकांना किती पशुयोनींतून फिरावं लागलं. सोमदेवसूरींनी ९५९ साली यशस्तिलकचंपूमध्ये हीच कथा विस्ताराने सांगितली. बाळाच्या वाढदिवसाला केक कापणाऱ्या आईच्या मनात बळीचा भाव नसतो, हे मला मान्य आहे. तरी डोळे-चोच काढून जीव दिसेल असं काही बनवायचं आणि त्याच्यावर सुरी चालवायची, हे मला रुचत नाही. माझं मत असं की अशा ऑर्डरी सोबतच्या मुलीला द्याव्यात आणि फुलं, नावं, आकडे, जाळी, वेलबुट्टी ही कामं आपण घ्यावीत. स्वस्तिक, ओम किंवा भगवंतांचा फोटो असलेला केक तर कोणीच करू नये. जे वंदन करायचं ते कापायचं कसं?

मग वेळ. चौविहार पाळणारीने सूर्यास्ताचा विचार आधी करावा. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. आणि बेकरीची गर्दी नेमकी संध्याकाळची. म्हणून दुपारी बारा ते चार किंवा एक ते पाच अशी पाळी मागावी. संध्याकाळी न्यायचे केक दुपारीच सजवून फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, तेव्हा ही मागणी मालकालाही सोयीची असते. पर्युषणाचे आठ दिवस, आपल्या दिगंबर भगिनींना दशलक्षणाचे दहा, हे कामावर घेतानाच सांगून ठेवावं. संवत्सरी गणेश चतुर्थी-ऋषिपंचमीच्या आसपास येते, तारीख दरवर्षी बदलते, म्हणून नवीन पंचांग आलं की लगेच कळवावं. त्या बदल्यात नाताळ आणि ३१ डिसेंबरला, जेव्हा सगळ्यांना सुट्टी हवी असते, तेव्हा दिवसा जास्त तास देण्याची तयारी दाखवावी. एका हाताने मागावं, दुसऱ्या हाताने द्यावं.

चव घ्यायचा प्रश्न निघतोच. उपवास असेल, आयंबिल असेल तर बोट चाटून बघता येणार नाही, हे सरळ सांगावं. सजावटीला चव लागत नाही. क्रीम किती फेटलं गेलंय ते बीटर उचलल्यावर टोक उभं राहतं का यावरून कळतं. ट्रायलला बहुधा अर्ध्या किलोचा केक देतात: दोन थर भर, क्रीम गुळगुळीत लाव, कडेला नोझलने किनार काढ आणि नाव लिही. घरी टर्नटेबलवर दहा वेळा करून जा. 'हार्दिक शुभेच्छा' एका ओळीत मावेल असं देवनागरी लिहिता आलं तर निम्मं काम झालं म्हणून समजा.

आता पहिला प्रश्न, घरच्यांचा. "बाहेर कशाला? घरीच ऑर्डरी घे ना," हा सल्ला प्रेमाने दिला जातो. ज्यांना जमतं त्यांनी जरूर घ्याव्यात. पण घरच्या धंद्याला वेळ नसते. रात्री दहाला फोन येतो, नात्यातला केक फुकट जातो, उधारी मागायची लाज वाटते आणि फ्रिजमध्ये जागा नाही म्हणून सासूबाईंचं ऐकावं लागतं ते वेगळंच. नोकरीत चार तास ठरलेले, पगाराची तारीख ठरलेली, आणि शिकायला मिळतं ते निराळं. त्या पगाराला कोणी 'हातखर्च' म्हणालं तर हसून सांगावं, हा पगार आहे.

आणि एक गोष्ट आपल्या घरातल्या मोठ्यांना हात जोडून विचाराविशी वाटते. सून बेकरीत निघाली की पंधरा कर्मादानं आठवतात, बेकरीची भट्टी म्हणजे इंगालकर्म तर नाही ना अशी शंका येते. शंका रास्त आहे. साध्वीजींना विचारावी, आणि ज्यांनी बेकरीच्या पदार्थांचं पच्चक्खाण घेतलं आहे त्यांनी तर आधीच विचारावी. पण हाच प्रश्न दुकानात रेशमी साड्या विकताना, कोणत्याही कंपनीचे शेअर घेताना, गाळा भाड्याने देताना किती वेळा विचारला जातो? कसोटी लावायची तर ती घरातल्या प्रत्येक कमाईला लावावी. सुनेच्या चार तासांनाच का?

गृहस्थाला उद्योग करावा लागतो आणि उद्योगात काही हिंसा होते, हे आपल्या शास्त्रांनी ओळखलं आहे. म्हणून तर त्यांनी उद्योगी हिंसा आणि संकल्पी हिंसा वेगळी केली. विवेक ठेवा, कमीत कमीवर या, एवढंच ते सांगतात. हा विवेक घरात बसून जितका ठेवता येतो, तितकाच बेकरीच्या टेबलापाशी उभं राहूनही ठेवता येतो. तिथे तर आपण विचारलेल्या एका प्रश्नामुळे जिलेटिनचा डबा कायमचा बाहेर जाऊ शकतो, आणि ज्यांना आपण ओळखतही नाही अशा किती घरांचा नियम त्याने टिकतो.

म्हणून तो काचेवरचा कागद पुन्हा दिसला तर आत जा. पगार किती, तास किती हे विचारा. पण त्याआधी आपल्या अटी सांगा. 'नाही' म्हणणारं दुकान आपलं नव्हतंच. ऐकून घेणारं दुकान मिळालं, तर तिथे मान खाली घालून काम करावं लागणार नाही. मान खाली जाईल ती फक्त केकवर नाव लिहिताना.