पुराव्यासाठी एक बळी?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅमेनिया या अरण्यमय कौंटीने १ एप्रिल १९६९ रोजी एक चमत्कारिक स्थानिक कायदा संमत केला. ‘बिगफूट’ किंवा ‘सॅस्क्वॉच’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, दोन पायांवर चालणाऱ्या केसाळ व महाकाय प्राण्याची हत्या करणाऱ्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कारावास, अशी तरतूद त्यात होती. ज्याचे अस्तित्वच आजवर सिद्ध झालेले नाही, त्याला कायद्याचे संरक्षण! त्यातच एप्रिलची पहिली तारीख. तेव्हा हा विनोद असावा, असे कोणालाही वाटेल. परंतु कायद्याचा मजकूर वाचला म्हणजे त्यामागील शहाणपण ध्यानात येते. बिगफूट दिसल्याच्या वार्तांमुळे संशोधकांच्या जोडीने हौशी शिकारीही शस्त्रे घेऊन येऊ लागले असून, त्यांच्यापासून तेथील रहिवाशांना, प्रवाशांना आणि खुद्द त्या प्राण्यालाही धोका आहे, असे त्यात नमूद केले होते. माणसाचा उल्लेख आधी आणि प्राण्याचा नंतर, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

बिगफूट मारावा, असे म्हणणारे सगळेच रक्तपिपासू नव्हते. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ ग्रोव्हर क्रांट्झ यांनी हयातभर असे प्रतिपादन केले की, छायाचित्रांनी आणि पाऊलखुणांनी शास्त्रज्ञांची खात्री पटणार नाही. त्यासाठी प्रत्यक्ष देहच हवा. एक नमुना हाती आला, की जात मान्य होईल आणि उरलेल्यांचे रक्षण करता येईल. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पाऊलखुणांची लबाडी सर्वश्रुत आहे. १९५८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात ज्या प्रचंड पावलांच्या ठशांमुळे ‘बिगफूट’ हे नाव वृत्तपत्रांतून रूढ झाले, त्यांचे रहस्य २००२ मध्ये उलगडले. रे वॉलेस या ठेकेदाराच्या निधनानंतर त्याच्या कुटुंबीयांनी लाकडात कोरलेले पाय पुढे आणले. १९६७ मध्ये त्याच परिसरात पॅटरसन व गिमलिन यांनी घेतलेल्या सुप्रसिद्ध चित्रफितीवरील वादही अद्याप शमलेला नाही. अशा परिस्थितीत भक्कम पुराव्याची मागणी रास्तच आहे. प्रश्न इतकाच, की तो पुरावा बंदुकीने मिळवावा काय?

क्षणभर असे गृहीत धरू, की बिगफूट नाही. मग शिकाऱ्याच्या नळीसमोर उभे राहणार कोण? मागच्या पायांवर उभे राहिलेले अस्वल, नाही तर माणूस. २०१२ च्या ऑगस्टमध्ये मोंटाना राज्यात एक मनुष्य झाडपाल्यासारखा वेश करून रात्री महामार्गावर उभा राहिला आणि मोटारींखाली सापडून मरण पावला. आपल्याला पाहून लोकांना बिगफूट दिसल्यासारखे वाटावे, असा त्याचा बेत होता, असे पोलिसांनी सांगितले. महामार्गाऐवजी तो जंगलात उभा असता आणि समोर नमुन्याच्या शोधात निघालेला बंदूकधारी असता, तर काय घडले असते, हे सांगावयास नको. दशरथाने अंधारात पाणी भरण्याचा आवाज ऐकला आणि हत्ती समजून बाण सोडला. बाण लागला श्रावणाला. दशरथ दुष्ट नव्हता, नेमबाजीतही उणा नव्हता. त्याने पाहण्याआधी ठरवून टाकले, एवढाच त्याचा अपराध.

आता उलट गृहीत धरू, की बिगफूट आहे. मग तर प्रश्न अधिकच बिकट होतो. सर्व वर्णने खरी मानली, तर तो माणसाचा निकटचा आप्त ठरतो. स्कॅमेनियाच्या कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती झाली. मृत प्राणी मानवसदृश असल्याचा निर्वाळा मृत्युचौकशी अधिकाऱ्याने दिल्यास मनुष्यवधाचा खटला चालवावा, असे त्यात ठरले. या कलमात साऱ्या वादाचे मर्म आहे. हा कोण, हा प्रश्न गोळी झाडण्यापूर्वी सुटला पाहिजे. तो शवविच्छेदनाच्या मेजावर सोडवणे ही न्यायाची उफराटी रीत होय. नेपाळ सरकारने १९५० च्या दशकातच हिममानवाच्या शोधमोहिमांना असे बजावले होते, की त्याचे छायाचित्र घ्यावे, हवे तर त्याला जिवंत पकडावे, परंतु स्वसंरक्षणावाचून मारू नये.

शिवाय ‘फक्त एकच’ या आश्वासनावर विसंबावे असा इतिहास नाही. १९०२ मध्ये मध्य आफ्रिकेत कॅप्टन फोन बेरिंगे याने दोन पर्वतीय गोरिला मारले आणि विज्ञानाला त्या प्राण्याची ओळख झाली. पण तेवढ्याने संग्रहालयांची भूक भागली नाही. १९२१ मध्ये कार्ल एकले याने न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी आणखी पाच टिपले. पुढे त्याच एकलेने गोरिलांच्या रक्षणासाठी खटपट केली आणि १९२५ मध्ये अभयारण्य झाले, हे खरे. परंतु गोरिला तेव्हा शिल्लक होते, म्हणून त्याला हे प्रायश्चित्त घेता आले. आइसलंडजवळील एल्डी बेटावर १८४४ मध्ये संग्राहकांसाठी ‘ग्रेट ऑक’ पक्ष्याची शेवटची ज्ञात जोडी मारली गेली, तेथे प्रायश्चित्तालाही जागा उरली नाही.

आणि देह हा तरी निर्णायक पुरावा असतो काय? आपल्या सातपुड्यातील रानपिंगळ्याची कथा बोलकी आहे. १९१४ चा म्हणून दाखवला जाणारा त्याचा नमुना वस्तुतः संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना होता. मायनर्ट्झहागेन या संग्राहकाने त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. खरा रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो गोळीने नव्हे, दुर्बिणीने आणि कॅमेऱ्याने. २००६ मध्ये रमणा अत्रेय यांनी अरुणाचल प्रदेशातील ‘बुगुन लिओसिक्ला’ हा पक्षी विज्ञानाला नवा म्हणून नोंदवला. पक्षी फार थोडे दिसतात, म्हणून पिसे व छायाचित्रे घेऊन पकडलेला पक्षी सोडून दिला. हिममानवाचे म्हणून जपलेले नऊ अवशेष २०१७ मध्ये जनुकीय तपासणीस गेले, तेव्हा आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा निघाला. केस, हाड, विष्ठा यांतून सत्य इतके बोलके होत असताना रक्त सांडण्याचे कारण उरत नाही.

बिगफूट नसेल, तर बंदूक निरपराध्याचा जीव घेईल. असेल, तर कदाचित एका आप्ताचा. दोन्ही पक्षी ती खाली ठेवणे हाच विवेक होय. जिज्ञासेला धीर धरता आला पाहिजे. ज्ञान आणखी शंभर वर्षे थांबले, तर फारसे बिघडणार नाही. सुटलेली गोळी मात्र परत घेता येत नाही.