दारूबंदी नव्हे, प्लॅटिनमबंदी : कॉकटेल रिंगची खरी गोष्ट

१/
कॉकटेल रिंग म्हणजे मोठ्या खड्याची, ठसठशीत घाटाची, मुद्दाम नजर वेधून घेणारी अंगठी. तिच्याविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. अमेरिकेत दारूबंदी असताना स्त्रिया चोरट्या मद्यगृहांत जात आणि आपण कायदा मोडतो आहोत हे दाखवण्यासाठी पेला धरलेल्या हातात ही अंगठी मिरवत. कथा देखणी आहे. पुराव्यापुढे मात्र ती लंगडी पडते.

२/
पहिली अडचण कायद्याचीच. १७ जानेवारी १९२० पासून अमलात आलेल्या अठराव्या घटनादुरुस्तीने मद्याचे उत्पादन, विक्री आणि वाहतूक यांवर बंदी घातली. पिण्यावर नाही. त्या दुरुस्तीच्या दृष्टीने गुन्हेगार होता तो पेला भरून विकणारा. तो ओठांना लावणारी स्त्री नव्हे.

३/
मराठी वाचकाची येथे फसगत होणे स्वाभाविक आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्याविना मद्य पिणे हाही गुन्हा ठरवला. ‘परमिट रूम’ ही पाटी त्याच व्यवस्थेची खूण. त्या चष्म्यातून शिकागो-न्यूयॉर्ककडे पाहिले की प्रत्येक घोट बंडासारखा भासतो.

४/
कथेत सत्याचा अंश नाही असे नव्हे. बंदीपूर्वीचे अमेरिकी सलून हा बहुतांशी पुरुषांचा अड्डा होता. ‘स्पीकईझी’ नावाच्या चोरट्या मद्यगृहांत स्त्री-पुरुष एकत्र बसू लागले. ऑगस्ट १९२० मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती संमत झाली. केस आखूड झाले, बाह्या गेल्या, हात उघडे पडले. अशा हातावर मोठी अंगठी शोभणारच. परंतु ती ‘डिनर रिंग’ या नावाने त्याआधीही घातली जात होती.

५/
आता दागिन्याकडेच पाहावे. विसाच्या दशकातील अंगठ्या प्रामुख्याने प्लॅटिनमच्या : पांढऱ्या, रेखीव, भौमितिक, बारीक हिऱ्यांनी भरलेल्या. पण ‘कॉकटेल रिंग’ म्हणताच डोळ्यांसमोर येते ती घुमटासारखी फुगीर, तांबूस सोन्याची, मध्यभागी भला मोठा रंगीत खडा असलेली. हा घाट चाळिशीच्या दशकातला. दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ रोजीच उठली होती!

६/
हा बदल घडवला महायुद्धाने. १९४२ मध्ये अमेरिकेने प्लॅटिनम युद्धोपयोगी ठरवून दागिन्यांसाठी त्याचा वापर थांबवला. सराफ सोन्याकडे वळले आणि तांब्याच्या मिश्रणामुळे त्याला गुलाबी झाक आली. त्याच वर्षी ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला. तेथल्या माणकांची वाट बंद झाली. मग ब्राझीलचे ॲक्वामरीन, सिट्रीन, टोपाझ आणि ॲमेथिस्ट कोंदणांत बसू लागले. या अंगठीचे रूप ठरवणारी बंदी दारूवरची नव्हती, प्लॅटिनमवरची होती. तरीही जुन्या दागिन्यांच्या बाजारात तांबूस सोन्याच्या अंगठीला सर्रास ‘दारूबंदीच्या काळातील’ म्हटले जाते. धातूचा रंग पाहण्याचेही कष्ट घेतले जात नाहीत, हे खेदजनक आहे.

७/
खड्यांच्या या निवडीतच अंगठीचे खरे मर्म दडलेले आहे. ॲमेथिस्ट किंवा सिट्रीन मोठ्या आकारात मिळतो आणि हिऱ्याच्या मानाने स्वस्त असतो. शिवाय ऑग्युस्त व्हेर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये कृत्रिम माणकाची कृती प्रसिद्ध केल्यापासून लालभडक खडाही आवाक्यात आला होता. म्हणजे खड्याचा आकार श्रीमंतीचे प्रमाण उरला नाही. पगारदार स्त्रीलाही तो परवडू शकत होता. (महाराष्ट्रात बोटात असा खडा दिसला की पहिली विचारणा ग्रहाची होते, पुष्कराज असेल तर गुरू, नीलम असेल तर शनी. कॉकटेल रिंगच्या पाठीशी कोणताही ग्रह नाही.)

८/
कोणताही नवराही नाही. पाश्चात्त्य समाजात वाङ्‌निश्चयाची आणि विवाहाची अंगठी बहुधा डाव्या हाताच्या अनामिकेत. ती स्त्री कोणाची आहे, याचा तो जाहीर दाखला. कॉकटेल रिंग उजव्या हातात, शक्यतो एकटी, तर्जनीत, मध्यमेत किंवा अनामिकेत, आवडेल तिथे. तिच्यातून कोणतेही नाते वाचता येत नाही. पेल्याची दंतकथा सांगताना हीच बाब झाकली जाते. स्त्रीचे स्वातंत्र्य चोरून प्यायलेल्या मद्यात शोधणे सोपे असते. तिने स्वतःसाठी, स्वतःच्या पैशाने, कोणत्याही विधीविना घेतलेल्या वस्तूत ते पाहणे समाजाला अधिक जड जाते.

९/
बाजाराने मात्र ते नेमके ओळखले. विवाहाशी हिऱ्याचे नाते जाहिरातींतून घट्ट करणाऱ्या डी बिअर्स कंपनीनेच २००३ च्या सुमारास अमेरिकेत नवी मोहीम काढली : डावा हात दोघांचा, उजवा हात तुझा एकटीचा, त्यासाठीही हिरा घे. पूर्वी सिट्रीनवर भागणारी गोष्ट आता हिऱ्याच्या भावाने विकली जाऊ लागली.