वावर सोडवायचं आणि गुत्त्यात बुडवायचं?



वनहक्काच्या दाव्यासाठी आपण उन्हात बसतो. सांजेला त्याच घशात दारू ओततो. वरून म्हणतो, "देशी वाईट, आपली मोहाची औषधी." खोटं आहे! बाटलीतली असो की मडक्यातली, विष दारूतच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९८८ सालीच दारूला कॅन्सरचं कारण ठरवलं. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, आतडं, बायांचं स्तन, इथं तो होतो. सोबत खर्रा असला तर धोका कैकपट. जितकी कमी, तितका धोका कमी. सोडली तर सगळ्यात बरं.

देवाला थेंब वाहा, त्याच्या नावानं बाटली रिचवू नका. कॅन्सर झाला की वावर सावकाराकडे जातं. मग पट्टा कशाला मिळवला?

१९७० च्या दशकात शहाद्याच्या भिल्ल बायांनी जमिनीच्या लढ्यातच दारूची मडकी फोडली. वाशीम पेसात नाही, म्हणून हात बांधलेले नाहीत. गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर परवान्याचं दुकानही बंद होतं. घरची भट्टी तर आपल्याच हातात आहे.

येत्या ग्रामसभेत दाव्यासोबत दारूचाही ठराव घ्या!